श्रमदानापासून अभ्यासगटापर्यंत : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील विद्यार्थी-स्वयंसेवा आणि वनसंवर्धन

महाविद्यालयीन युवकांच्या समाजसेवेचा इतिहास राष्ट्रीय सेवा योजनेपासून सांगण्याचा प्रघात आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. चंद्रपूर जिल्ह्यापुरता विचार केल्यास मात्र प्रारंभ दोन वर्षे मागे न्यावा लागतो. १९६७ मध्ये बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी भरविली. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात सकाळी कुदळ-फावडे आणि नंतर चर्चा-व्याख्याने, असा तिचा क्रम होता. तत्पूर्वी १९६४ मध्ये वरोड्याला आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले होते आणि त्याच्या उभारणीत आनंदवनातील कुष्ठमुक्तांचे हात राबले होते. म्हणजे या परिसरात सेवा देणारा कोण आणि घेणारा कोण, हा प्रश्न प्रथमपासूनच उलटा मांडला गेला होता.

राष्ट्रीय सेवा योजनेने सोमनाथप्रमाणेच श्रमाला महत्त्व दिले. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर या चौकटीत रस्तेदुरुस्ती, शोषखड्डे, वनराई बंधारे आणि अर्थातच वृक्षारोपण ही कामे झाली. त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे ७० टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे. जेथे गावाच्या शिवेपासूनच जंगल सुरू होते, तेथे रोपे लावून परतणाऱ्या विद्यार्थ्याने नेमके काय संवर्धित केले, हे सांगणे कठीण आहे. तेथील प्रश्न झाडांच्या अभावाचा नव्हता. जंगलाचा निर्णय कोणी घ्यावा, हा होता.

इंचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्धच्या 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनात हा प्रश्न उघडपणे पुढे आला. जयप्रकाशांच्या युवा चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी पुढे 'वृक्षमित्र' संस्थेच्या द्वारे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे गावकऱ्यांसोबत काम केले. देवाजी तोफा आदी ग्रामस्थांच्या सहभागाने तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. बाहेरून येणाऱ्याने माहिती द्यावी, शंका विचाराव्यात, वादही घालावा. निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यावा, हा तिचा गाभा. माधव गाडगीळ यांच्यासारखे शास्त्रज्ञही तेथे याच नात्याने वावरले. स्वयंसेवकाला विद्यार्थी बनविणारी ही रीत सोमनाथच्या छावणीइतकी प्रसिद्धी पावली नाही, याचे नवल नाही. खणलेला चर छायाचित्रात दिसतो, चर्चा दिसत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढा (लेखा) ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

या योगायोगाने स्वयंसेवेचे कामच बदलते. हक्क मिळालेल्या ग्रामसभांना सीमांचे नकाशे, बांबूच्या बेटांची मोजणी, विक्रीचे हिशेब आणि व्यवस्थापन आराखडा यांची निकड असते. भूगोल, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि मराठी या विभागांना येथे खड्डे खणण्यापेक्षा अधिक काही करता येते. शिवाय गोंडी बोलणारा विद्यार्थी वर्गात असेल, तर तो प्राध्यापकांचाही मार्गदर्शक ठरतो. अडचण कालमानाची आहे. एकदा तोडलेल्या कूपात बांबू तोडीची पाळी काही वर्षांनी पुन्हा येते. शिबिर सात दिवसांचे आणि स्वयंसेवकाची नोंदणी दोन वर्षांची असते. पहिली मोजणी करणारा विद्यार्थी दुसऱ्या मोजणीस हजर राहण्याची शक्यता कमीच. त्यामुळे मोजणीची वही महाविद्यालयाच्या अहवालासोबत न जाता ग्रामसभेच्या कपाटात राहावी लागते आणि गावातील कोणालाही ती वाचता येईल अशी लिहावी लागते.