फ्रियरसाहेबांची माकुडी

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात शिवनेरीच्या पायथ्याशी शेळ्या वळणाऱ्या एका मामांना मी मोबाइलमधला फोटो दाखवला. “मामा, हे झाड इकडं कुठं दिसतं का?” त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. “माकुडी हाये ही. शिंदळ माकुडी. पण खाली कुठून गावायची? शेरडं ठेवत्यात व्हय?” मग काठी वर कड्याकडे केली. “तिथं बघा. शेरडू जात नाय तिथं.”

ज्या वनस्पतीसाठी मी पुण्याहून तीन वेळा आलो होतो, तिच्या दुर्मीळपणाचं कारण त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

शिंदळ माकुडी सबंध जगात फक्त महाराष्ट्रात उगवते, आणि तीही सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर. बोटभर जाडीच्या मांसल फांद्या कातळाच्या कपारीतून खाली लोंबत असतात. पावसाळ्यात त्यांना पानं फुटतात आणि पाऊस सरला की ती गळून जातात. मग उरलेले आठ महिने ती नुसत्या दांड्यांवर काढते. फूल पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं असतं, गडद तांबडं, वर पिवळ्या रेघा. परागीभवन माश्या करतात. माळावर उगवणारं माकडशिंग, ज्याची आपल्याकडे भाजी करतात, ते हिचं भावंड. पण त्या साऱ्या भावंडांना नाव घेण्यासारखी पानंच नसतात, हिला मात्र चांगली हिरवीगार पानं येतात. या पानांनीच एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. नावातल्या ‘शिंदळ’चा उलगडाही मला तिथेच सापडतो, म्हणजे माकुडीसारखी दिसते पण माकुडीच्या कुळाला धरून वागत नाही अशी. (हा माझा तर्क. बाईच्या वागण्यावरून झाडाला शिवी द्यायची आपली जुनी खोड आहेच.)

शास्त्रीय दप्तरात तिची नोंद झाली ती निकोल अलेक्झांडर डाल्झेल या स्कॉटिश माणसामुळे. मूळ नोकरी कस्टम खात्यातली, ओढा वनस्पतींचा. १८६१ साली त्याने अलेक्झांडर गिब्सनबरोबर ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला आणि गिब्सननंतर तो मुंबई इलाख्याचा जंगल-संरक्षक झाला. जुन्नरचा मुलूख या मंडळींना अनोळखी नव्हता. कंपनी सरकारची वनस्पतिबाग जशी पुण्याजवळ दापोडीला होती तशीच जुन्नरजवळ हिवऱ्यालाही होती आणि दोन्हींची देखरेख गिब्सनकडे होती. डाल्झेलने जुन्नरच्या डोंगरांतली ही विचित्र वनस्पती लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात मांडली, तीही एका नव्या कोऱ्या प्रजातीची एकमेव जात म्हणून. साल १८६५. नाव दिलं फ्रेरिया इंडिका.

फ्रेरिया, कारण तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडून शहर मोकळं करणारे ते हेच. त्याआधी ते साताऱ्याला रेसिडेंट होते, आणि छत्रपतींचं राज्य खालसा झाल्यावर तिथलेच कमिशनर. मुंबईनंतर १८७७ साली ते दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेले. झुलू राजाला त्यांनी जो निर्वाणीचा खलिता धाडला, त्यातून १८७९चं युद्ध पेटलं आणि इसांडलवानाला इंग्रजी फौजेची कत्तल झाली. पुढच्याच वर्षी त्यांना परत बोलावण्यात आलं. गंमत अशी की माकुडीच्या गोतावळ्याची सर्वांत मोठी वस्ती त्याच दक्षिण आफ्रिकेत आहे.

गव्हर्नरचं नाव वनस्पतीला देणं हा तेव्हाचा रिवाज होता. खातं चालवायचं तर वरच्यांची मर्जी हवी, हे आजही वेगळं नाही. पण मला खटकतं ते दुसरंच. दापोडीच्या बागेत गिब्सनने सुमारे १७० वनस्पतींची सुरेख चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस होता एवढंच कळतं, त्याचं नाव कुणी टिपून ठेवलेलं नाही. कड्यावर चढणाऱ्यांची, वाट दाखवणाऱ्यांची नावं मग कोण विचारणार?

आणि तरी याच फ्रियरांच्या घरात एक वेगळी गोष्ट घडली. १८६५-६६च्या हिवाळ्यात गव्हर्नरांचा दख्खन दौरा निघाला, तेव्हा त्यांची मुलगी मेरी सोबत होती. तंबूत वेळ जाईना म्हणून ती आपल्या आयेला गोष्टी सांगायला लावी. त्या गोष्टींचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक १८६८ साली निघालं. त्यात मेरीने आयेचं नाव छापलं, अ‍ॅना लिबेराता डिसूझा, आणि नुसतं नाव नाही, तिची स्वतःची कहाणीही तिच्याच तोंडून दिली. बाप आणि मुलगी एकाच दौऱ्यात, एकाच मुलखात होते. बापाचं नाव एका झाडाला लागलं. मुलीने मात्र दुसऱ्याचं नाव जपून ठेवलं. वनस्पतीच्या इतिहासात या गोष्टीचं काय काम, असं कुणी म्हणेल. मला ती बाजूला सारता येत नाही.

झाडाचं नावही पुढे टिकलं नाही. पानं असली तरी फुलाची ठेवण भावंडांचीच आहे, हे पटल्यावर फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती अनेकांना अनावश्यक वाटू लागली. आधी ती कॅराल्युमात घातली गेली, अलीकडे बाउसेरोशियात. ‘कॅराल्युमा इंडिका’ हे नाव अगोदरच दुसऱ्या झाडाला दिलेलं होतं, त्यामुळे ‘इंडिका’ गेलं आणि ‘फ्रेराय’ आलं. म्हणजे दुरुस्ती करताना हिंदुस्थान गळला आणि गव्हर्नर राहिला! नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, म्हणून तक्रारही करता येत नाही.

जुन्नरनंतर ती पुरंदरशेजारच्या वज्रगडावर सापडली, सज्जनगडावर, महाबळेश्वरात, शिवथरघळीत, रंधा धबधब्यापाशी. यादीत गड किती आहेत पाहा. गडासाठी जागा निवडणाऱ्यांना माणूस चढू शकणार नाही असा कातळ हवा होता, आणि जिथे माणूस चढत नाही तिथे शेळीही सहसा पोचत नाही. वणवाही उघड्या कातळावर येऊन विझतो. १६३० साली जिजाबाईंना बाळंतपणासाठी शिवनेरी सुरक्षित वाटला तो ज्या कड्यांमुळे, ते कडे या झाडालाही राखत आले.

तशी ती मरायला टेकलेली आहे असंही नाही. फांदी मोडून लावली तर सहज जगते. युरोपातल्या हौशी लोकांच्या काचघरांत ती कुंड्याकुंड्यांतून फुलते, आपल्याकडच्या बागांतही वाढवली जाते. पण एका फांदीपासून केलेल्या शंभर कुंड्या म्हणजे शंभर वेळा तेच एक झाड. जोडशेंगेतून उडालेलं म्हातारीसारखं बी ज्या कपारीत अडकून रुजतं, ती कपार कुंडीत आणता येत नाही.

आता माझं. कॉलेजात असताना आम्ही पंधरा-वीस जण दर पावसाळ्यानंतर गडांवर श्रमदानाला जायचो. कुठला गड ते सांगत नाही. तटाला झाडोरा फुटला की दगड सुटतात, म्हणून कोयते घेऊन तो काढायचा, असं आम्हाला सांगितलं होतं आणि वड-पिंपळापुरतं ते खरंही होतं. आम्ही मात्र तटावर थांबलो नाही. बाजूच्या कातळावरचं जे हाती आलं ते उपटलं. त्यात जाड, रसाळ दांड्यांचं एक झुडूप होतं, कोयता न लागता हातानेच मोडलं. मी ते मित्राच्या अंगावर फेकलं होतं. ते माकडशिंग असेल, एखादा शेर-निवडुंग असेल. दांडी मोडल्यावर चीक आला होता का, हे मी गेली कित्येक वर्षं आठवायचा प्रयत्न करतो आहे. शेर-निवडुंगाला पांढरा चीक असतो, माकुडीला नसतो.

मामांनी काठीने दाखवलेल्या जागेवर मी दुर्बीण लावली. ऊन कड्यावर यायला अकरा वाजले. ओलसर काळ्या कातळावर एक हिरवी जुडी लोंबत होती आणि तिच्यात तीन तांबडे ठिपके. मामा म्हणाले, “दिसली का?” मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाहिलं, परत दिली आणि म्हणाले, “लहानपणी आम्ही खायचो. पानी-पानी लागती.”