पाठीतून, गोळीतून, जांघेतून

बॉस्टन, १९४८. उठायची घाई करू नका. नर्स आधी तुमच्या दोन्ही पायांना मांडीपर्यंत इलॅस्टिकचे पट्टे गुंडाळेल, पोटाला रुंद पट्टा आवळेल आणि मगच तुम्हाला पलंगाच्या कडेला बसवेल. पाठीत दोन्हीकडे लांब व्रण आहेत. एक जुना, एक ओला, कारण डॉक्टर दोन्ही बाजू एकाच दिवशी उघडत नाहीत. बारावी बरगडी बाजूला करून ते आत शिरले. मणक्याच्या कडेने जाणारी सिंपथेटिक मज्जातंतूंची साखळी आणि आतड्यांकडे, मूत्रपिंडांकडे जाणारे तिचे फाटे त्यांनी छातीपासून कमरेपर्यंत कापून काढले. रेजिनाल्ड स्मिथविक यांची ही शस्त्रक्रिया. तुमचं ब्लड प्रेशर उतरवणारं दुसरं भरवशाचं साधन आज जवळजवळ कुणाकडेच नाही.

आता उभे राहा. पहिले काही क्षण ठीक जातात. मग नजरेच्या कडा काळवंडायला लागतात, कान गच्च होतात, गुडघ्यांतलं बळ जातं आणि नर्स तुम्हाला दंडाला धरून परत बसवते. माणूस उभा राहिला की रक्त पोटात आणि पायांत उतरू पाहतं. एरवी हेच तंतू तिथल्या रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलतात. तुमचे तंतू आता शरीरात नाहीत, म्हणून हे पट्टे. कमरेखाली घाम येणं थांबलंय आणि त्याची भरपाई छाती नि चेहरा करतायत. पुरुष असाल तर वीर्यस्खलन बंद होण्याची शक्यता मोठी आहे.

एवढं सोसायला माणसं तयार का झाली? तीनच वर्षांपूर्वी, १२ एप्रिल १९४५ ला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. शेवटच्या तासांत त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाने मोजलेला दाब ३००/१९० होता. देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या रुग्णासाठी त्या डॉक्टरच्या हातात होतं ते डिजिटॅलिस, फेनोबार्बिटल आणि मीठ कमी करा हा सल्ला. १९५३ मध्ये स्मिथविक आपले आकडे मांडतील. शस्त्रक्रिया झालेल्या १,२६६ जणांपैकी पाच वर्षांत १९ टक्के दगावले, शस्त्रक्रियेविना राहिलेल्या ४६७ जणांपैकी ५४ टक्के. रुग्णांची ही विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे तुलना कच्ची आहे. तरीही तुमच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस पाठीतली कळ दाबत रोज उभं राहायचा सराव करतो, त्यामागे हाच हिशेब आहे. त्याच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर वाटतो.

क्षणभर मागे जाऊ या, १८५९ च्या पॅरिसला. क्लोद बर्नार्ड एका कुत्र्याच्या पोटातला एका बाजूचा तंतू कापतात आणि त्याच बाजूच्या मूत्रपिंडातून लघवी जास्त येऊ लागते. म्हणजे तो तंतू इतका वेळ मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावत होता. बॉस्टनच्या त्या लांब व्रणांमागचं हे मूळ निरीक्षण टेबलाएवढ्या जागेत झालेलं आहे.

आता १९४९ च्या मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयात या. डॉ. रुस्तम जाल वकील रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देतायत आणि आकडे टिपून ठेवतायत. बाहेर गिरण्यांचे भोंगे आहेत. बाकावर तुमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना निवासी डॉक्टर विचारतात, "काका, झोप कशी लागते आता?" झोप बरी लागते, नाक मात्र सारखं चोंदतं. दोन्हीला कारण तीच मुळी आहे. तिच्यातलं रेसरपिन तंतू कापत नाही. तंतूंच्या टोकाशी साठवलेलं नॉरअॅड्रेनलिन ते रिकामं करतं, आणि निरोप द्यायला काही उरत नाही. पण हे साऱ्या शरीरात होतं, मेंदूतसुद्धा. म्हणून काहींना सुस्ती येते आणि काहींचं मन खोल उदास होतं. वकील यांचा लेख त्याच वर्षी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून येतो. तो वाचून सर्पगंधा अमेरिकेत नेतात रॉबर्ट विल्किन्स, आणि ते बॉस्टनच्या त्याच रुग्णालयात काम करतात जिथे स्मिथविक शस्त्रक्रिया करतात. पुढच्या काही वर्षांत गोळ्यांची रांगच लागते आणि पाठ उघडणं मागे पडतं.

गोळ्यांनी असंख्य माणसं वाचवली. पण २००७ उलटल्यावर मेलबर्नमध्ये तुम्ही ज्याच्या शरीरात शिरता तो ५९ वर्षांचा माणूस सात औषधं घेतोय आणि तरी त्याचा दाब १६१/१०७ आहे. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, संशोधक तुमच्या तंतूत केसासारखी बारीक सुई टोचतात. ती जागेवर बसली की स्पीकरमधून सिंपथेटिक तंतूंचा आवाज येऊ लागतो. थांबून थांबून उठणारी खरखर, मिनिटाला ५६ वेळा. पायाच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्यांना 'आवळा, आवळा' असा चाललेला हा हुकूम तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकताय.

मग जांघेतल्या धमनीतून एक कॅथेटर मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत जातो. तंतू त्या धमनीच्या बाहेरच्या आवरणात, आतल्या भिंतीपासून काही मिलिमीटरच्या आत असतात. टोकाशी असलेल्या इलेक्ट्रोडमधून रेडिओलहरींची उष्णता ठिकठिकाणी दिली जाते. महिन्याने पायात पुन्हा सुई टोचली तेव्हा खरखर ४१ वर आली होती, वर्षाने १९ वर. दाब १२७/८१. मूत्रपिंडांतून रक्तात सांडणारं नॉरअॅड्रेनलिन डावीकडे ४८ टक्के आणि उजवीकडे ७५ टक्के घटलं.

इथे जरा थांबा, मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते इथेच आहे. उष्णता दिली मूत्रपिंडाच्या धमनीत आणि पायातला तंतू शांत झाला, तो कसा? कारण या तंतूंतून वाहतूक दोन्ही दिशांनी चालते. मेंदूकडून येणारे तंतू मूत्रपिंडाला तीन गोष्टी करायला लावतात: दाब चढवणारं रेनिन सोड, मीठ धरून ठेव, रक्तवाहिन्या आवळ. उलट जाणारे तंतू मूत्रपिंडाची गाऱ्हाणी मेंदूपर्यंत नेतात, आणि त्रासलेल्या मूत्रपिंडाचं ऐकून मेंदू हृदयापासून पायापर्यंत सगळीकडे ताण वाढवतो. दुसरी वाट बंद झाली की हुकूम देणाराच मवाळ होतो.

मात्र एका माणसावरून उपचार ठरत नाही. म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत चला, जिचा निकाल २०१४ मध्ये आला. तुम्ही ५३५ जणांपैकी एक आहात. डोळ्यांवर पट्टी आहे, कानांत संगीत आहे, अंगात गुंगीचं औषध आहे. जांघेत सुई गेल्याचं कळतं, पुढचं नाही. काहींना खरी उष्णता मिळते, काहींची फक्त अँजिओग्राफी होते, आणि तुम्ही कुठल्या गटात आहात हे तुम्हाला सांगत नाहीत. सहा महिन्यांनी खऱ्या गटाचा वरचा आकडा सुमारे १४ ने उतरला होता आणि नुसती अँजिओग्राफी झालेल्यांचा जवळजवळ १२ ने. गोळ्या नियमित घेणं, आपल्याकडे लक्ष आहे ही भावना, चढलेल्या आकड्याचं आपोआप खाली येणं, हे सगळं त्या १२ मध्ये होतं. अनेकांनी या उपचाराचा नाद सोडला. मला मात्र ही चाचणी या कहाणीतला सर्वांत प्रामाणिक टप्पा वाटते. तिच्यामुळेच लोक पुन्हा शवविच्छेदनाच्या टेबलाकडे वळले आणि त्यांना दिसलं की मूत्रपिंडाजवळ, धमनीच्या फांद्यांपाशी, तंतू आतल्या भिंतीला जास्त लगटून असतात. आधीचे डॉक्टर बऱ्याचदा तिथवर पोचतच नव्हते.

आता आजच्या कॅथ लॅबमध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत अशा दोन उपकरणांना मान्यता मिळाली आहे. एकात मळसूत्रासारखी वळलेली तार आहे. तिचे चार इलेक्ट्रोड चार दिशांना टेकतात आणि मिनिटभर उष्णता देतात. दुसऱ्यात अल्ट्रासाउंडचा फुगा आहे. त्यातून फिरणारं पाणी धमनीची आतली भिंत थंड ठेवतं आणि सात सेकंदांच्या ध्वनिलहरी बाहेरचे तंतू तापवतात. धमनी एक्स-रेत दिसावी म्हणून डाय सोडताना पोटात ऊब पसरते. उष्णता देताना कमरेच्या वर, आत खोल दुखतं, म्हणून वेदनाशामक आधीच दिलेलं आहे. तंतूंशिवाय मूत्रपिंड जगेल का, ही धाकधूक असेल तर पुन्हा बॉस्टनकडे बघा. २३ डिसेंबर १९५४ ला तिथे एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं, धमनी, शीर आणि मूत्रनलिका जोडल्या, तंतू कुणी शिवले नाहीत, आणि ते मूत्रपिंड वर्षानुवर्षं चाललं.

दुसऱ्या दिवशी उठा. भोवळ सहसा येत नाही, पट्टे लागत नाहीत, कारण पोटाच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्यांचे तंतू कुणी छेडलेले नाहीत. जांघेत काळानिळा डाग असेल. क्वचित कुणाची धमनी पुढे अरुंद होते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवतात. आत रेनिन कमी सुटतं, मीठ थोडं जास्त बाहेर पडतं, आणि दाब दिवसा तसाच रात्रीही उतरलेला राहतो. गोळी मात्र डोसागणिक चढते-उतरते. हा उतार मोठा नाही. गोळ्या बंद ठेवून केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३१ जणांच्या चाचणीत वरच्या आकड्याच्या चोवीस तासांच्या सरासरीत खोट्या उपचारापेक्षा तो सुमारे ४ ने जास्त होता. म्हणून बहुतेकांच्या गोळ्या सुटत नाहीत. तंतू पुरेसे निकामी झाले का, हे टेबलावर सहसा डॉक्टरांनाही कळत नाही. दोनतीन महिन्यांनी दंडाला चोवीस तासांचं यंत्र बांधायचं आणि आकडा बघायचा. काहींचा बराच उतरतो, काहींचा हलतही नाही, आणि कोणाचा उतरेल हे आधी खात्रीने सांगणारी चाचणी डॉक्टरांकडे अजून नाही.