लसीचा ताप

लस टोचून घरीं आणलेल्या बालकाचें अंग रात्रीं तापूं लागलें, कीं आईच्या जिवाची घालमेल होते. संग्रामपुरासारखें सातपुड्याच्या पायथ्याचें गांव असो वा मुंबईसारखें महानगर, मनांत शंका एकच येते : टोचलें तें औषध कीं विष? ही शंका जुनी आहे.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगचें निदान झालें. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं लस करण्याचें काम आरंभिलें. प्लेगचे जंतू वाढवून ते उष्णतेनें मारावयाचे, अशी त्यांची रीत. परंतु ही लस मनुष्यास सोसेल काय, हें कोणावर पाहावयाचें? १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती स्वतःसच टोचून घेतली. टोचल्या जागीं ठणका लागला, ज्वर चढला आणि पुढें उतरलाही. त्यानंतर ती इतरांस देण्यांत आली. तरीही टोचून घेण्यास लोक भीत, आणि या ज्वरामुळें तें भय वाढे.

जंतू तर मेलेले. मग ज्वर आणला कोणीं? याचा उलगडा होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. इ. स. १९७१ मध्यें इंग्लंडांत जॉन व्हेन यांनीं दाखविलें कीं, ताप उतरविणारें ॲस्पिरिन हें शरीरांत प्रोस्टाग्लँडिन हें द्रव्य तयार होऊं देत नाहीं. पेशींवर ठराविक द्रव्यच स्वीकारणारे रेणू असतात, त्यांस ग्राहक म्हणतात. इ. स. १९९८ मध्यें जपानी संशोधकांनीं प्रोस्टाग्लँडिनचा ईपी-३ हा ग्राहक नसलेले उंदीर तयार केले. जंतुद्रव्य टोचूनही त्यांस ज्वर आला नाहीं.

घडतें तें असें. परकें द्रव्य ओळखतांच श्वेत पेशी इंटरल्यूकिनसारखीं निरोपाचीं द्रव्यें रक्तांत सोडतात. त्यामुळें मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ निर्माण करतात. तें हायपोथॅलॅमसच्या पुढील भागांतील ग्राहकांत, कुलपांत किल्ली बसावी तसें बसतें. मग मेंदूच्या आज्ञेनें कातडीच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हुडहुडी भरते आणि अंग तापतें.

सारांश, लसीचा ज्वर हें विषाचें लक्षण नव्हे. शरीर जागें झाल्याची ती वर्दी होय. तो फार चढला वा रेंगाळला तर वैद्यास दाखवावें, हें खरेंच. हाफकिन यांची मुंबईंतील प्रयोगशाळा इ. स. १९२५ पासून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. ज्वराचें हें मर्म त्यांस ठाऊक नव्हतें. तरी इतरांस टोचण्यापूर्वीं त्यांनीं तो आपल्या अंगावर घेतला.