एक ओळ खाली

एक्सेलमध्ये थोडंफार काम केलेल्या कुणालाही हे माहीत असतं. पहिली ओळ हेडरची, म्हणजे रकान्यांच्या नावांची. खरा डेटा दुसऱ्या ओळीपासून. आता समजा एखाद्या प्रोग्रॅमला दोन फाइली लागतात. आकड्यांची फाइल हेडरसकट आणि नावांची फाइल हेडरशिवाय. तुम्ही दोन्ही हेडरसकट दिल्या. प्रोग्रॅम कुरकुरत नाही, लाल अक्षरांत काही दाखवत नाही. तो गुपचूप सगळं एक घर सरकवतो. पहिल्याचे आकडे ‘नाव’ या शब्दापुढे, दुसऱ्याचे पहिल्यापुढे, तिसऱ्याचे दुसऱ्यापुढे.

शाळेच्या निकालपत्रात असं झालं तर पालक पाच मिनिटांत शाळेत हजर होतील. आपल्या पोराला गणितात किती पडतात हे त्यांना ठाऊक असतं. पण यादी हजारो जनुकांची असेल तर? एखाद्या जनुकाचा आकडा ‘आपल्याला ओळखीचा’ नसतो. शेजारचं नाव येऊन बसलं तरी ते तितकंच शास्त्रीय दिसतं.

संगणकीय जीवशास्त्रात एमएस-पीएचडी करणाऱ्या मुलांना संशोधनातली नीतिमत्ता शिकवायची तर सुरुवात इथून करावी, असं मला वाटतं. ‘खोटं बोलू नये’ इथून नको. ते सगळ्यांना माहीतच असतं.

डोळ्यांना दिसणारी लबाडी

नीतिमत्तेचे हे वर्ग आले कुठून, ते आधी पाहू. १९८१ साली अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीने वैद्यकीय संशोधनातल्या फसवणुकीवर सुनावणी घेतली. अध्यक्ष होते अल गोर, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले. वैज्ञानिकांचं म्हणणं साधारण असं होतं की असे प्रकार विरळा, आणि विज्ञान स्वतःला दुरुस्त करतं. पुढच्याच महिन्यात, मे १९८१मध्ये, हार्वर्डमधला जॉन डार्सी नावाचा तरुण हृदयरोग संशोधक पकडला गेला. काही मिनिटांच्या नोंदींवर तो ‘२४ तास’, ‘७२ तास’, ‘एक आठवडा’ अशी लेबलं लावत होता आणि सहकारी ते बघत होते.

अशा प्रकरणांनंतर नियम आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १९८९मध्ये ठरवलं की संशोधक घडवण्यासाठी विद्यापीठांना मिळणाऱ्या प्रशिक्षण अनुदानासोबत जबाबदार संशोधनाचं शिक्षण सक्तीचं असेल. १९९०पासून ते लागू झालं. २०००च्या केंद्रीय धोरणाने गैरवर्तनाची व्याख्या तीन शब्दांत पक्की केली: बनावट डेटा, डेटात फेरफार आणि वाङ्मयचौर्य. प्रामाणिक चूक त्यातून स्पष्टपणे वगळली.

ही व्याख्या न्यायाची आहे. चुकीला गुन्हा म्हणू नये, हे बरोबरच. पण ती घडली त्या काळात लबाडी डोळ्यांना दिसायची. डार्सीला पकडायला त्याच्या शेजारी उभं राहणं पुरेसं होतं. संगणकावरच्या विश्लेषणाशेजारी उभं राहून काय दिसणार? एक माणूस स्क्रीनकडे बघत बसलाय, एवढंच.

ड्यूक ते ह्यूस्टन

२००६ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक शोधनिबंध आला. पहिले लेखक अनिल पोट्टी हे भारतात शिकून तिकडे गेलेले डॉक्टर, तर गटाचे ज्येष्ठ वैज्ञानिक जोसेफ नेव्हिन्स. दावा विलक्षण होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही, याची माहिती आधीपासून उपलब्ध होती. त्याच पेशींमध्ये कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे मायक्रोॲरे नावाच्या चिपवर मोजलेलं होतं. दोन्ही जोडून प्रत्येक औषधाची एक ‘जनुकीय सही’ काढायची. मग रुग्णाच्या गाठीत ती सही सापडते का ते बघायचं आणि त्यावरून केमोथेरपी निवडायची.

कॅन्सरच्या वॉर्डात ज्याने घरातल्या माणसासोबत रात्री काढल्या आहेत, त्याला या दाव्याची किंमत सांगायला नको. केमो लागू पडेल की नाही हे आधी कळलं तर कितीतरी हाल वाचतात.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी आपल्याकडच्या दोन संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांना, सांगितलं की ही पद्धत आपल्याकडे वापरता येईल का बघा. म्हणजे सुरुवात संशयाने झाली नाही, कौतुकाने झाली. दोघांनी मूळ डेटा घेतला, तेच सॉफ्टवेअर घेतलं आणि तेच निष्कर्ष काढायचा प्रयत्न केला. निघेनात. निबंधातल्या जनुकांच्या याद्या जुळेनात. मग त्यांनी याद्या एका ओळीने सरकवून पाहिल्या, आणि बऱ्याच याद्या जवळपास जशाच्या तशा जुळल्या.

हेडरची ओळ. बस्स.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘ऑफ बाय वन’ म्हणतो आणि त्यावर विनोद करतो. इथे त्यामागे आणखी गोष्टी होत्या. काही औषधांच्या डेटात ‘औषध चालतं’ आणि ‘चालत नाही’ ही लेबलं उलटी लागली होती. शून्य आणि एकची अदलाबदल. तशी सही रुग्णावर वापरली तर नेमकं न चालणारं औषध निवडलं जाऊ शकतं. काही नमुने यादीत दोनदा-तीनदा आले होते. सॉफ्टवेअरच्या निकालात नसलेली काही जनुकंही निबंधाच्या यादीत होती, आणि त्यातली दोन तर वापरलेल्या चिपवरच नव्हती.

२००७मध्ये बॅगर्ली, कूम्ब्स आणि सहकारी जिंग वांग यांचं आक्षेपाचं पत्र ‘नेचर मेडिसिन’ने छापलं. शेजारीच ड्यूकचं उत्तर होतं, की आमची पद्धत बरोबर आहे. वाचणाऱ्याला वाटलं, दोन तज्ज्ञ गटांत मतभेद आहेत, चालायचंच. त्याच सुमारास ड्यूकमध्ये या सह्यांच्या आधारावर खऱ्या रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. तीन चाचण्या, शंभराहून अधिक रुग्ण.

२००९मध्ये बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात सगळा तपास सविस्तर मांडला आणि अशा कामाला नाव दिलं ‘फॉरेन्सिक बायोइन्फर्मेटिक्स’. त्यांचं निरीक्षण साधं होतं: सर्वाधिक आढळणाऱ्या चुका अगदी साध्या असतात. पण कागदपत्रं अपुरी असतील तर त्या दिसत नाहीत. ड्यूकने चाचण्या थांबवल्या, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि २०१०च्या सुरुवातीला पुन्हा सुरू केल्या. बॅगर्लींनी दरम्यान नव्या डेटातल्या चुका दाखवणारा अहवाल पाठवला होता, पण तो त्या तज्ज्ञांपर्यंत पोचवलाच गेला नाही.

शेवटी हे सगळं कोसळलं ते कशामुळे? जुलै २०१०मध्ये ‘द कॅन्सर लेटर’ने छापलं की पोट्टी यांनी अनुदानाच्या अर्जात स्वतःला ऱ्होड्स स्कॉलर म्हटलं आहे आणि ते खरं नाही. तीसहून अधिक संख्याशास्त्रज्ञांनीही त्याच दिवसांत चाचण्या थांबवण्याची मागणी करणारं पत्र लिहिलं. चाचण्या थांबल्या, त्या कायमच्या. पोट्टी यांनी राजीनामा दिला, निबंध मागे घेतले गेले. चार वर्षं जे गणिताने सांगून पटत नव्हतं, ते बायोडेटातल्या एका ओळीने पटलं. कारण ती ओळ कुणालाही वाचता येत होती.

२०१५मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधन सचोटी कार्यालयाने पोट्टी यांच्या कामात खोटा डेटा असल्याचा निष्कर्ष काढला. एका अर्जात ३३पैकी ६ रुग्णांना औषधाने गुण आला असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात चाचणीत ४ रुग्ण होते आणि गुण एकालाही आला नव्हता. पोट्टी यांनी हे निष्कर्ष मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत.

तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस २०१५पर्यंत बाहेरच्यांना माहीत नव्हता. ब्रॅडफर्ड पेरेझ हा ड्यूकचा मेडिकलचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, पोट्टी यांच्याच प्रयोगशाळेत शिष्यवृत्तीवर काम करणारा. २००८च्या वसंतात त्याने आपल्या शंका लेखी मांडल्या. त्याचं म्हणणं असं की मॉडेल पारखताना त्याला न जुळणारे नमुने वगळले जातात, म्हणजे परीक्षेत चुकलेले प्रश्न पेपरातूनच काढून टाकायचे आणि मग टक्केवारी काढायची. काही निबंधांवरून त्याने आपलं नाव काढून घ्यायला सांगितलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या ह्यूज इन्स्टिट्यूटला पत्र लिहायचं ठरवलं. विद्यापीठातल्या वरिष्ठांनी त्याला तसं करण्यापासून परावृत्त केलं. पत्र गेलं नाही. तो प्रयोगशाळा सोडून गेला आणि संशोधनासाठी दुसरीकडे आणखी एक वर्ष घालवलं. चाचण्या पुढे दोन वर्षं चालू राहिल्या.

आता विचार करा. हा मुलगा नीतिमत्तेच्या वर्गात काय शिकला असेल? डेटा बनवू नका, चोरू नका. त्याने दोन्ही केलं नव्हतं. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता: दुसऱ्याच्या विश्लेषणात काहीतरी चुकतंय असं मला दिसतंय, तो माणूस माझा वरिष्ठ आहे, माझं वर्ष त्याच्या हातात आहे, आणि समोर रुग्ण आहेत. आता कुणाकडे जाऊ?

आपल्याकडच्या पीएचडीच्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ‘गाईड’ या एका शब्दात सगळं येतं.

वर्गात काय शिकवायचं

ड्यूकनंतर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१२मध्ये अहवाल दिला. अशी चाचणी रुग्णांवर वापरण्याआधी डेटा आणि कोड तपासणीसाठी उपलब्ध असावा, संगणकीय पद्धत ‘कुलूपबंद’ करावी, म्हणजे नंतर गुपचूप बदलता येऊ नये, असं त्यात सांगितलं आहे. बॅगर्लींचं या प्रकरणावरचं व्याख्यान बायोइन्फर्मेटिक्सच्या वर्गांमधून दाखवलं जाऊ लागलं. एनआयएचच्या २००९च्या सूचनेनुसार जबाबदार संशोधनाचं शिक्षण किमान आठ तासांचं आणि मुख्यतः समोरासमोर बसून व्हायला हवं. व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र डाउनलोड करणं पुरेसं नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९च्या अखेरीस पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम आणला. चांगलंच झालं. पण त्याचे सहा घटक पाहा: चार घटक प्रकाशनाची नीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार आणि संशोधनाची मोजमापं यांवर आहेत. बोगस जर्नलांचा सुळसुळाट पाहता ते समजण्यासारखं आहे. तरीही संगणकीय जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा निबंध छापण्याच्या खूप आधी, फाइल उघडतानाच सुरू होते.

एक छोटं उदाहरण. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलतं. ‘सेप्ट २’ नावाच्या जनुकाची २ सप्टेंबर होते. हे २००४मध्येच छापून आलं होतं. २०१६मध्ये तपासणी झाली तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि २०२०पर्यंत नावं बदलून टाकली. इथे कुणी खोटं बोललं नव्हतं. पण आपली यादी बरोबर आहे का हे बघणं आपलं काम आहे, असंही बहुतेकांना वाटलं नव्हतं.

म्हणून माझ्या मते या विषयाचा वर्ग व्याख्यानाने सुरू होऊ नये. मुलांना एक छापील निबंध, त्याचा डेटा आणि त्यातली एक आकृती द्यावी आणि सांगावं, ही पुन्हा काढून दाखवा. बहुतेकांना पहिल्या फटक्यात जमणार नाही. मग चर्चा करावी: कुठली पायरी लिहिलेली नव्हती? कुठली फाइल ‘फायनल’, ‘फायनल टू’ आणि ‘फायनल नवी’ या तिघांपैकी नेमकी कुठली होती? लेखकाला पत्र कसं लिहाल, की त्यात आरोप नसेल पण प्रश्न स्पष्ट असेल? आणि उत्तर आलंच नाही तर?

यातून मुलं दोन गोष्टी शिकतील. प्रामाणिक असणं पुरेसं नाही, आपलं काम दुसऱ्याला तपासता येईल असं ठेवणं हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे. ड्यूकमध्ये कोण केव्हा चुकलं आणि कोण केव्हा खोटं बोललं हे ठरायला नऊ वर्षं लागली. विश्लेषणाची प्रत्येक पायरी पहिल्या दिवसापासून उघड असती, तर साधी चूक आठवड्यात सुधारली असती आणि लबाडीला लपायला जागा उरली नसती. दुसरी गोष्ट, शंका विचारणं म्हणजे गुरुद्रोह नव्हे.

पण यातली दुसरी गोष्ट नुसत्या वर्गात शिकवून भागत नाही. पेरेझला काय बरोबर आहे ते कळत होतं, लिहिताही येत होतं, त्याने लिहिलंही. कमी पडला तो त्याचा कागद वाचून पुढे पाठवणारा माणूस. तेव्हा कोर्सवर्कच्या पहिल्या दिवशी स्लाइडवर तीन व्याख्यांसोबत एक नावही असायला हवं: आपल्या गाईडच्या हाताखाली नसलेल्या, संख्याशास्त्र कळणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाचं. सोबत खोलीचा नंबर आणि भेटायची वेळ. तशी व्यवस्था नसेल, तर ३० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करूनही विद्यार्थी पेरेझच्याच जागी उभा असेल.