सेंट मॉरिट्झला केव्हां जावें ?



माझा एक भाचा नोकरीनिमित्त जर्मनींत असतो. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें कीं, मामा-मामींनीं येत्या माघांत आमच्याकडे यावें आणि त्यांतले चार दिवस आपण सर्वांनीं स्वित्झर्लंडमध्यें सेंट मॉरिट्झ येथें काढावे. सोबत कार्यक्रमाचा कागद होता. कोणती गाडी, कोणतें हॉटेल, गोठलेल्या सरोवरावर होणाऱ्या घोड्यांच्या शर्यती कोणत्या रविवारीं, असें सगळें त्यानें व्यवस्थित लिहिलें होतें. हॉटेलच्या एका रात्रीचें भाडें पाहून आमच्या कुटुंबानें चष्मा पुसला आणि तो आंकडा पुन्हां वाचला.

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला मनुष्य. तीस-बत्तीस वर्षें शाळेंत इतिहास-भूगोल शिकविला. आल्प्स पर्वत फळ्यावर खडूनें किती वेळां काढला असेल याची गणती नाहीं. पायाखालीं मात्र तो कधीं आला नाहीं. तेव्हां निमंत्रणाचा आनंद झाला हें सांगावयास नकोच. पण जुनी खोड अशी कीं, गांवाला निघण्यापूर्वीं त्या गांवाची वंशावळ पाहावी. ती पाहूं लागलों आणि भाच्याच्या कागदांतील पहिल्याच ओळीपाशीं अडलों. त्यानें हिवाळा गृहीत धरला होता. सेंट मॉरिट्झ म्हटलें कीं बर्फ, आणि बर्फ म्हटलें कीं माघ. आज सारें जग असेंच समजतें. परंतु ही समजूत फार तर दीडशें-पावणेदोनशें वर्षांची आहे. त्यापूर्वीं हिवाळ्यांत तेथें स्वखुशीनें जाणारा मनुष्य वेडा ठरला असता.

हें गांव स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यांत, ग्राउब्युंडेन प्रांतांत, समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० मीटर उंचीवर वसलें आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून साडेचारशें मीटर तरी उंच. खोऱ्याचें नांव एंगादीन. त्यांतून इन नदी वाहते आणि पुढें डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राकडे जाते. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने थंडी, असें तेथील लोकच आपल्या हवेचें वर्णन करीत. गांवास नांव मिळालें तें संत मॉरिस याचें. परंपरा सांगते कीं, हा रोमन सैन्यांतील इजिप्तकडचा शिपाई होता आणि धर्मापायीं त्यानें प्राण दिले. त्याच्या जुन्या देवळाचें मुख्य अंग १८९३ सालीं पाडलें गेलें; मनोरा उरला आहे आणि तो सुमारें साडेपांच अंशांनीं कलला आहे, म्हणजे पिसाच्या मनोऱ्याहूनहि अधिक. पिसाला जाऊन छायाचित्रें काढणारे हजारों, याची वार्ता मात्र फारशी कोणास नाहीं.

लोक तेथें प्रथम गेले ते पाण्यासाठीं. गांवाच्या खालच्या अंगास लोहयुक्त, वायूनें फसफसणारा पाण्याचा झरा आहे. १९०७ सालीं त्याची दुरुस्ती करतांना मातीखालीं लार्च वृक्षाचे पोखरलेले प्रचंड बुंधे सांपडले. झऱ्याचें पाणी धरून ठेवण्यासाठीं ते उभे केलेले होते आणि त्यांत कांशाच्या तरवारीहि मिळाल्या. लांकडाच्या वर्तुळांवरून त्यांचा काळ अलीकडे निश्चित झाला, तो इसवी सनापूर्वीं १४११ हा. म्हणजे आजपासून चौतीसशें वर्षांपूर्वीं कोणी अनामिक सुतारांनीं ही विहीर बांधली. सोळाव्या शतकांत पॅरासेल्सस या विख्यात वैद्यानें या पाण्याची वाखाणणी केली. हे सर्व येणारे उन्हाळ्यांत येत, पाणी पीत आणि बर्फ पडण्याआधीं घाट उतरून जात.

आणि गांवकरी ? तेहि जात. एवढ्या उंचीवर थोडें गवत आणि गुरें यांवर किती तोंडें पोसणार ? म्हणून या खोऱ्यांतले तरुण पिढ्यानुपिढ्या परदेशीं जाऊन मिठाई करीत. व्हेनिस शहरांत त्यांचा एवढा जम बसला होता कीं, राजकारण फिरल्यावर १७६६ सालीं तेथील सरकारनें त्यांना हांकून दिलें. मग ते पांगले. बर्लिन, वॉर्सा, सेंट पीटर्सबर्ग, जेथें साखर आणि गिऱ्हाईक असेल तेथें. पीटर्सबर्गच्या ज्या प्रसिद्ध दुकानीं कवि पुश्किन १८३७ सालीं आपल्या प्राणघातक द्वंद्वापूर्वीं शेवटचा बसला, त्याचे मालकहि मूळचे ग्राउब्युंडेन प्रांतांतलेच. ज्यांची भरभराट झाली ते म्हातारपणीं परत येत आणि खोऱ्यांत मोठालीं घरें बांधीत. कोंकणांतलीं घरें जशीं मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभीं राहिलीं, त्याच जातीचा हा प्रकार. आज जगांतील धनिक ज्या गांवीं येतात, तेथून पोटासाठीं बाहेर पडण्याची ही रीत होती, हें मला त्या गांवाच्या इतिहासांतलें सर्वांत महत्त्वाचें पान वाटतें.

तें पान उलटणारा मनुष्य म्हणजे योहानेस बाद्रुत. १८५६ सालीं त्यानें गांवांतलें एक लहान वसतिगृह चालवावयास घेतलें, पुढें विकतहि घेतलें. तेंच आजचें कुल्म हॉटेल. त्याची कथा अशी सांगतात. १८६४ च्या शरदांत कांहीं इंग्रज पाहुणे निरोप घेत होते. बाद्रुत त्यांना म्हणाला, तुम्ही हिवाळ्यांत या. स्वच्छ उन्हांत कोट काढून गच्चीवर बसाल. माझें म्हणणें खोटें ठरलें तर प्रवासखर्च मी देईन, खरें ठरलें तर हवे तितके दिवस फुकट राहा. पाहुणे नाताळांत आले, ईस्टरपर्यंत राहिले आणि उन्हानें रापलेले चेहरे घेऊन लंडनला परतले.

मला ही कथा जरा जास्तच घोटीव वाटते. पाहुण्यांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते, आणि ज्याला ती सांगण्यांत लाभ होता तोच तिचा नायक आहे. शिवाय शेजारच्या दावोस गांवाचा दावा वेगळा आहे. तेथें १८६५ च्या फेब्रुवारींत क्षयाचे दोन रोगी बर्फांतून येऊन उतरले. अलेक्झांडर स्पेंग्लर हा वैद्य तेथें होता. बाडेनच्या क्रांतींत भाग घेतल्यामुळें त्याला जर्मनी सोडावी लागली होती आणि दावोसच्या हवेवर त्याची श्रद्धा बसली होती. त्या रोग्यांना गुण आला आणि दावोसचा हिवाळा सुरू झाला. दावोसचा हा पुरावा अधिक सबळ आहे असें माझें मत आहे. परंतु पैज खरी असो वा नसो, तिच्या मागची व्यापारी दृष्टि खरी होती. बाद्रुतच्या घरांत हॉटेल म्हणजे वर्षाचे तीन महिने मिळकत आणि नऊ महिने कुलूप. तें कुलूप त्याला काढावयाचें होतें. १८७८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यानें विजेचे दिवे पाहिले आणि त्यानंतर थोड्याच काळांत डोंगरी ओढ्याच्या पाण्यावर वीज करून ते स्वतःच्या भोजनगृहांत लावले. स्वित्झर्लंडमधील हे पहिले विद्युद्दीप होत.

रिकामे श्रीमंत लोक, लांब रात्री आणि भरपूर बर्फ एकत्र आल्यावर खेळ निघावयाचेच. १८८४-८५ च्या हिवाळ्यांत क्रेस्टा नांवाची बर्फाची घसरण तयार झाली. लोखंडी सांगाड्यावर पालथें पडून, डोकें पुढें करून, भयंकर वेगानें तींतून खालीं यावयाचें. आरंभीं स्त्रियाहि तींत उतरत. पुढें १९२९ सालीं त्यांना मनाई झाली आणि ती २०१८ पर्यंत टिकली. एवढ्या पुढारलेल्या देशांत हें चाललें, हें ऐकून माझी सून म्हणाली, “म्हणजे आपल्याकडेच सगळें मागासलेलें नाहीं तर !”

आगगाडी गांवांत आली ती १९०४ सालीं. त्यापूर्वीं घोड्यांच्या गाडींतून घाट चढण्यांत दिवस जाई. ही आल्बुला मार्गाची मीटरगेज गाडी १४४ पूल आणि ४२ बोगदे ओलांडते. उंची गांठण्यासाठीं रूळ डोंगराच्या पोटांत सर्पासारखे वेटोळे घालतात, आणि लांडवासर येथील ६५ मीटर उंच पूल वळसा घेत थेट उभ्या कड्यांतील बोगद्यांत शिरतो. १९१० सालीं बेर्निना मार्ग पुरा होऊन पलीकडे इटलीचीहि वाट उघडली. २००८ सालीं युनेस्कोनें हे दोन्ही मार्ग जागतिक वारशांत घेतले. आपल्या कालका-सिमला गाडीलाहि तो मान त्याच वर्षीं मिळाला. आणखी एक मौज अशी कीं, ग्राउब्युंडेन प्रांतानें १९०० पासून १९२५ पर्यंत मोटारगाडीस रस्त्यावर बंदी घातली होती. वारंवार लोकमत घेतलें गेलें आणि शेतकरी वारंवार “नको” म्हणाले. माथेरानास गेलेल्या श्रोत्यांना त्या शांततेची कल्पना येईल.

सेंट मॉरिट्झला हिवाळी ऑलिंपिक दोन वेळां झालें, १९२८ आणि १९४८ सालीं. दुसऱ्या खेपेस महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. स्वित्झर्लंड तटस्थ राहिल्यामुळें हॉटेलें आणि मैदानें शाबूत होतीं. २८ राष्ट्रें आलीं. जर्मनी व जपान यांना निमंत्रण नव्हतें. आपला देश त्यांत नव्हता. त्या उद्घाटनाची तारीख वाचतांना मात्र माझें बोट पानावर थांबलें. ती तारीख ३० जानेवारी १९४८. त्या सायंकाळीं दिल्लींत बिर्ला भवनाच्या बागेंत महात्माजींची हत्या झाली. माझे वडील सांगत, गांवांतल्या एकुलत्या एक रेडिओभोंवतीं सगळी आळी उभी होती आणि कोणी कोणाशीं बोलत नव्हतें. त्याच दिवशीं एका बर्फाळ गांवीं निशाणें फडकत होतीं. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहींच संबंध नाहीं. पण शाळेंत इतक्या सनावळ्या पाठ करून घेतल्या, हा जोड कधीं लक्षांत आला नव्हता.

आतां एका चित्रकाराविषयीं. जोव्हान्नी सेगांतिनी याचें आयुष्य दारिद्र्यांत सुरू झालें. शेवटचीं वर्षें त्यानें एंगादीनमध्यें घालविलीं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठीं सगळ्या एंगादीनचें एक प्रचंड वर्तुळाकार चित्र करावें, असा त्याचा बेत होता आणि खोऱ्यांतील हॉटेलवाल्यांनीं त्यास पैसा द्यावयाचा होता. खर्चाचा अंदाज वाढत गेला, तसे हॉटेलवाले मागें सरले. त्यानें तीन मोठ्या चित्रांवर समाधान मानलें. तीं पुरीं करण्यासाठीं तो शाफबेर्ग डोंगरावरील झोंपडींत जाऊन राहिला आणि सप्टेंबर १८९९ मध्यें, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, तेथेंच आजारी पडून वारला. १९०८ सालीं गांवांत त्याचें संग्रहालय उभें राहिलें. तीं तीन चित्रें तेथें आहेत. भाच्याच्या कागदांत या संग्रहालयाचें नांव नव्हतें.

त्यांत गांवकऱ्यांचेंहि नांव नव्हतें, आणि ही चूक भाच्याची म्हणतां येणार नाहीं. आज गांवांत सुमारें पांच हजार लोक राहतात, पण निम्म्याहून अधिक घरें बाहेरच्यांनीं सुट्टीसाठीं घेतलेलीं. वर्षाचा बराच काळ त्यांच्या खिडक्या बंद. घरांच्या किंमती अशा चढल्या कीं तेथेंच जन्मलेल्या तरुण जोडप्याला जागा परवडत नाहीं. हॉटेलांत काम करणारे कित्येक जण रोज इटलींतून घाट चढून येतात आणि सायंकाळीं परत जातात. मार्च २०१२ मध्यें स्विस जनतेनें मतदान करून ठरविलें कीं, कोणत्याहि गांवांत अशीं दुसरीं घरें शेंकडा वीसहून अधिक होऊं नयेत. सेंट मॉरिट्झच्या बाबतींत हा बांध पूर येऊन गेल्यावर घातलेला आहे. भाषेचीहि तीच गत. तेथील मूळ भाषा रोमान्श, लॅटिनची लेक. १९३८ सालीं सगळ्या देशानें मतदान करून तिला चौथ्या राष्ट्रभाषेचा मान दिला. त्या भाषेंत गांवाचें नांव सान मुरेत्सान. १८८० च्या सुमारास गांवांतले निम्मे लोक ती बोलत. आज ती शेंकड्यांत पांच-दहांच्या घरींहि मोठ्या कष्टानें असेल. मिठाईवाले परदेशीं जात तेव्हां भाषा घरीं राहत होती. जग घरीं आल्यावर भाषेला बाहेर जावें लागलें.

तेव्हां मीं भाच्यास उलट कागद पाठविला. माघाऐवजीं ऑक्टोबरच्या आरंभीं जाऊं. लार्च वृक्ष तेव्हां सोनेरी होतात आणि हॉटेलें मधल्या सुट्टीसाठीं बंद होण्यास थोडा अवकाश असतो. मुक्काम शेजारच्या सामेदान गांवीं करूं, जेथें रोमान्श अजून कानांवर पडते. झुरिकहून खूरला व तेथून दिवसाच्या उजेडींच आल्बुला मार्गानें चढूं, खिडकीजवळच्या जागेंत बसून. एक दिवस झऱ्याच्या त्या जुन्या बुंध्यांसाठीं आणि कललेल्या मनोऱ्यासाठीं, एक सेगांतिनीसाठीं, एक बेर्निना घाटासाठीं. कुल्म हॉटेलांत राहणें नको. एकदां कॉफी मात्र घेऊं, बाद्रुतच्या नांवानें. वाटेंत कोणी भेटल्यास “अल्लेग्रा” म्हणावयाचें. तेथला नमस्कार तो.

भाच्याचें उत्तर आलें, “मामा, ऑक्टोबरांत घोडे नसतात.” मीं लिहिलें, घोडे मी पुण्याच्या शर्यतींत पाहिले आहेत. आमच्या कुटुंबानें लोकरीचा मफलर विणावयास घेतला आहे. ऑक्टोबरांतहि तेथें पहाटे पाणी गोठतें, हें मीं तिला सांगून ठेवलें आहे.