दर चैत्रात खरवडून काढलेली फुले



चैत्र जवळ आला की आपल्या घरांत जळमटे काढणे, पडदे धुणे, भिंतींवर रंगाचा एक हात मारून घेणे सुरू होते. महावीर जयंतीला कमानी आणि पताका लागतात, दारात मोठी रांगोळी निघते. याच दिवसांत, बऱ्याच वर्षी तर त्याच पंधरवड्यात, दूर पोलंड देशात ईस्टरचा सण येतो. तिथल्या खेड्यांतल्या बायकाही थंडीचा काळोख घराबाहेर काढून घर पांढरे करत आणि सजवत. त्यांच्या सजावटीचे मुख्य साहित्य कागद. आज त्या कागदी फुलांचा इतिहास सांगणार आहे. त्याचा एक धागा आपल्या कोल्हापूरलाही येऊन मिळतो, तो पुढे सांगते.

मेंढीची कातर आणि घोटीव कागद

या कलेला पोलिश भाषेत 'विचिनांकी' म्हणतात. अर्थ अगदी साधा: कापून काढलेले. आपण शाळेत ज्याला कातरकाम म्हणत होतो तेच.

ही रीत खेड्यापाड्यांत पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. १७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो तुकड्या-तुकड्यांनी वाटून घेतला होता आणि तो पुन्हा उभा राहायला १९१८ साल उजाडले. खेड्यांतला माणूस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबत असे. रशियाच्या ताब्यातल्या भागात तर शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा हक्क १८६४ मध्ये मिळाला. कारखान्यात तयार झालेला स्वस्त, चकचकीत घोटीव कागद खेड्यांत पोहोचला तो याच काळात. ज्या घरात विकतचे चित्र किंवा चांगले कापड आणायची ऐपत नव्हती, तिथे लाल, हिरवा, पिवळा, काळा कागद मात्र परवडू लागला.

कात्री वेगळी घ्यावी लागली नाही. मेंढ्यांची लोकर कातरायची मोठी कातर घरोघरी होतीच. तिला बोटे घालायला कडी नसते. दोन रुंद पाती मागच्या बाजूला वाकवलेल्या पट्टीने जोडलेली असतात आणि मुठीत दाबली की मिटतात. असल्या अवजड हत्याराने त्या बायकांनी कोंबड्याच्या शेपटीचे एकेक पीस आणि फुलाची एकेक पाकळी कापली आहे, तीही आधी पेन्सिलीने रेघ न मारता. घडी घालायची, डोळ्यांसमोर आकार आणायचा आणि कातर चालवायची. रांगोळीचे ठिपके मनात मोजणाऱ्या बाईला यात काय कसब आहे ते वेगळे सांगायला नको.

दोन गावे, दोन तऱ्हा

पोलंडमध्ये या कलेच्या दोन तऱ्हा फार नावाजल्या. एक कुर्पिए भागातली. हा जंगलाचा मुलूख. इथले कातरकाम एकाच रंगाच्या कागदाचे असते. कागद मधोमध दुमडून कापला की मधे झाड किंवा मोठे फुलझाड उभे राहते आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर पक्षी येतात. त्याला 'लेलुया' म्हणतात. कागदाच्या जास्त घड्या घालून कापले की गोल चांदणी तयार होते. सगळा डौल घडीचा आणि कातरीचा.

दुसरी तऱ्हा वोविच या गावाच्या परिसरातली. तिथल्या बायकांना एक रंग पुरत नाही. आधी एक आकार कापायचा, त्यावर दुसऱ्या रंगाचा जरा लहान तुकडा, त्यावर तिसरा, असे थरावर थर चिकटवत जायचे. मोर, कोंबडे आणि फुले अशी भरगच्च होतात की पैठणीच्या पदराची आठवण यावी. त्यांच्याकडे 'कोद्रा' नावाची आडवी पट्टी असते. तीत लग्नाची वरात, सुगी, घरकाम अशी चित्रे कागदाच्या तुकड्यांतूनच उभी करतात.

छतापासून 'पायोंकी' टांगत. शब्दाचा अर्थ कोळी, पण वस्तू म्हणजे झुंबर. धान्याच्या वाळक्या काडीचे छोटे तुकडे आणि रंगीत कागदाची फुले दोऱ्यात ओवून ते करतात. दार उघडले की वाऱ्याने हळूच फिरते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये न्यायच्या फांद्याही कागदी फुलांनी मढवतात, कारण ताडाची पाने त्या थंड देशात मिळत नाहीत. लिपनित्सा मुरोव्हाना या गावी १९५८ पासून अशा फांद्यांची स्पर्धा भरते आणि तिथे ३० मीटरहून उंच फांद्या उभ्या केल्या गेल्या आहेत. ईस्टर म्हटले की अंडी रंगवणेही आलेच, आणि वोविचकडे त्यांवरही कागदाची नक्षी चिकटवतात. तो भाग आपल्या घरचा नाही, म्हणून एवढ्यावर सोडते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच देशात ज्यू लोकही शतकानुशतके राहत होते आणि त्यांचेही कातरकाम होते. वसंत सरताना त्यांचा शावुओत नावाचा सण येतो. तेव्हा ते पांढऱ्या कागदाची नाजूक फुले कापून खिडकीच्या काचांना लावत. त्यांच्यात हे काम बहुतेक पुरुष आणि धर्मशाळेत शिकणारी मुले करत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडमधल्या ज्यूंपैकी बहुतेकांना ठार मारले. कापणारे हात गेले आणि त्या खिडक्याही गेल्या. वाचलेले थोडे नमुने आज संग्रहालयांत आहेत.

भिंत पांढरी करताना

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. या कागदी फुलांचे आयुष्य एक वर्षाचे. चुलीच्या धुराने आणि ओलीने ती वर्षभरात काळवंडत. ईस्टर आला की घरची बाई जुनी फुले खरवडून काढी, भिंतीला चुन्याची सफेदी देई आणि त्यावर नवी चिकटवी. आईने कापलेली लेलुया लेकीच्या हाताने निघे आणि त्या जागी लेकीची लागे. कोणाला त्याचे वाईट वाटत नसे. आपण तरी सकाळची रांगोळी दुसऱ्या दिवशी हळहळत पुसतो का?

पण यामुळे झाले असे की कागद फार थोडा उरला. शहरातल्या अभ्यासकांना आणि चित्रकारांना या कलेची गोडी लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. वॉर्सातले लोकजीवनाचे संग्रहालय १८८८ मध्ये निघाले, क्राकूवमधले १९११ मध्ये. तिथे जपलेल्या जुन्या कातरकामावर गावाचे किंवा भागाचे नाव सापडते, करणारीचे बहुधा नाही. तिला स्वतःला ते लिहायची गरजच वाटली नसावी. भिंतीवरच्या फुलाखाली कोण सही करते? मला मात्र हे फार लागते. एका भागाची शैली म्हणून जी जगभर ओळखली जाते ती कोणा एकीच्या मुठीतून निघाली होती, शेजारणीने ती पाहिली, तिने त्यात भर घातली, आणि त्या दोघींची नावे चुन्याबरोबर गेली.

वळिवड्याच्या बायका

आता कोल्हापूरचा धागा. १९३९ मध्ये हिटलरने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना १९४० आणि १९४१ मध्ये रशियन सरकारने गाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेले. पुढे सुटका झाल्यावर त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. पुरुष सैन्यात गेलेले, म्हणून आलेल्यांत बहुतेक बायका आणि मुले. कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे १९४३ मध्ये त्यांची वसाहत उभी राहिली आणि १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश माणसे तिथे राहिली. शाळा, दवाखाना, चर्च, सगळे त्यांनी तिथे मांडले. ईस्टर तेव्हा आला तो पंचगंगेकाठच्या उन्हाळ्यात.

त्या वसाहतीत पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची सोय झाली आणि तेच आजचे गांधीनगर. आपल्यापैकी कितीजणी तिथे लग्नाचा बस्ता बांधायला गेल्या असतील! त्या बायकांच्या आठवणीचा स्तंभ कोल्हापुरात आहे, तोही महावीर उद्यानात. मी तिथे उभी राहिले तेव्हा मनात आले, सण आला की भिंत पांढरी करून फुले लावायची सवय ज्या हातांना होती, त्यांना आपली म्हणावी अशी भिंतच उरली नव्हती. युद्ध संपल्यावर त्यांची गावे रशियाच्या हद्दीत गेली. बहुतेकींना परत जायला घर नव्हते. त्या इंग्लंडला आणि इतर देशांत पांगल्या. वॉर्सातही आता 'कोल्हापूर' नावाचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले ते वर्तमानपत्रांत तुम्ही वाचले असेल.

नाव लागले तेव्हा

युद्धानंतरच्या पोलंडमध्ये चित्र बदलले. १९४९ मध्ये सरकारने 'त्सेपेलिया' नावाची संस्था काढली आणि खेड्यांतले हस्तकाम दुकानांतून विकले जाऊ लागले. लेलुया भिंतीवरून उतरून जाड कागदावर चिकटली आणि चौकटीत बसली. गावातल्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा आला आणि पाठीमागे तिचे नावही येऊ लागले. दुसरीकडे, जे घरासाठी मनाला येईल तसे कापले जाई ते गिऱ्हाइकाच्या मापाचे झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

झालिपिए गावाची गोष्ट कागदाची नसली तरी याच घराण्यातली. तिथे पूर्वी घरांना धुराडे नसे. काजळी धरलेल्या भिंतींवर बायका चुन्याचे पांढरे ठिपके देत आणि त्यातून पुढे रंगीत फुले उमलली. फेलित्सिया त्सुरिवोव्हा (१९०४–१९७४) या बाईने आपले सगळे घर फुलांनी रंगवले. १९४८ पासून त्या गावात रंगवलेल्या घरांची स्पर्धा होते आणि फेलित्सियाचे घर आज संग्रहालय आहे. तिचे नाव राहिले, कारण तिचे घर राहिले.

मैत्रिणींनो, या चैत्रात मुलांना किंवा नातवंडांना घेऊन एक लेलुया करून बघा. घोटीव कागद उभा मधोमध दुमडा, रंगीत बाजू आत ठेवा. घडीकडून अर्धे झाड कापा, खाली एक पक्षी ठेवा. घडीची कड सगळी कापू नका, नाहीतर दोन तुकडे होतील. उलगडलात की झाड पुरे होते आणि पक्षी दोन. पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि दाराशेजारी लावा.

लावण्याआधी पाठीमागे पेन्सिलीने करणारीचे नाव आणि साल घाला. पुढच्या चैत्रात काढून टाकायची असली, तरी घाला.