माइट होता, पण पुळीत नव्हता

पाळीव सशाच्या कानात तपकिरी, थरावर थर चढलेली खपली दिसली की पशुवैद्य तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. सोरोप्टिस क्युनिक्युलाय हा कानातला माइट कातडीच्या वरच राहतो, त्यामुळे तो सहसा चटकन दिसतो. सशाला खरूज झाली असेल तर मात्र पंचाईत. तिचा माइट सार्कोप्टिस, माणसाला होणाऱ्या खरजेचाही तोच. तो कातडीत बारीक बोगदा खणून आत बसतो. खोलवर खरवडलं तरी हाती लागेलच असं नाही. म्हणजे ‘नमुन्यात माइट नाही’ आणि ‘सशाला माइट नाही’ ही दोन वेगळी विधानं झाली. ती एकच धरली तर काय होतं, ते पॅरिसमध्ये घडलेलं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जोव्हानी कोसिमो बोनोमो हा डॉक्टर आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्रेता यांनी खरजेचा माइट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि फ्रान्चेस्को रेदीला पत्रातून कळवलं. गरीब बायका मुलांच्या अंगातून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक काढतात, तिथून ही कल्पना आली होती. आपल्याकडे काटा काढतात तसंच. पत्रात मात्र पाणी भरलेल्या पुळीतून माइट काढल्याचं वर्णन आलं. नेमकी सुई कुठे टोचायची हे त्या बायकांच्या हातात राहिलं.

१८१२ साली पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातल्या जाँ-क्रिझांत गालेस याने खरजेच्या माइटवर प्रबंध सादर केला, चित्रांसकट. माइट पुळीतल्या पाण्यात सापडतो, असं त्याचं म्हणणं. मग इतरांनीही पुळ्या फोडून पाहिल्या. काही नाही! पुढे रास्पाय याने दाखवून दिलं की गालेसच्या चित्रातला प्राणी चीजमध्ये होणारा माइट आहे. आता लोक दुसऱ्या टोकाला गेले: खरजेला माइटबिइट काही नसतोच. लुगोल (प्रयोगशाळेत आपण वापरतो ते आयोडीनचं द्रावण याचंच) याने तर माइट दाखवणाऱ्याला ३०० फ्रँकचं बक्षीस लावलं.

१३ ऑगस्ट १८३४ रोजी सिमोन फ्रान्स्वा रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने आलिबेरच्या दवाखान्यात सर्वांसमोर सुईने माइट काढून दाखवला. पुळीतून नव्हे, शेजारच्या बोगद्याच्या टोकातून. कॉर्सिकातल्या बायका असं करताना त्याने पाहिल्या होत्या.

गालेसवर लबाडीचा शिक्का मारून हे प्रकरण बहुतेकदा मिटवलं जातं. मला त्याच्या टीकाकारांचं वागणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी त्याचं चित्र खोटं ठरवलं, पण ‘पुळीत शोधा’ ही त्याची पद्धत न तपासता तशीच उचलली. बावीस वर्षांचे नकारात्मक निष्कर्ष चुकीच्या जागेवरचे होते. शोधसाहित्याचा आढावा लिहिताना ‘आढळले नाही’ असं वाक्य भेटलं की आधी पद्धतीचं पान उघडा: नमुना घेतला कुठून?

रेनुचीनंतर प्राण्यांकडे पाहणंही बदललं. सशाच्या कानातल्या माइटचं वर्णन देलाफाँ याने १८५९ साली केलं. केसांतल्या कायलेटिएलाचं मेन्यँ याने १८७८ साली केलं. हा तिसरा भाडेकरू ना बोगद्यात, ना कानात. तो कोंड्यात फिरतो, आणि त्याच्यासाठी पारदर्शक चिकटपट्टी पाठीवर दाबून उचलली की बऱ्याचदा काम होतं.